सेमिनरीने तालुक्याला यावे

नगर जिल्ह्यातल्या किंवा जालन्याकडच्या एखाद्या खेड्यात रविवारी सकाळी चर्चची घंटा होते, तेव्हा समोर उभा राहून उपासना चालवणारा माणूस बऱ्याच वेळा दीक्षित पाळक नसतो. एकेका पाळकसाहेबांकडे तीन-तीन, चार-चार गावे असतात. ते महिन्यातून एखाद्या रविवारी येतात, प्रभुभोजनाचा विधी करतात, कोणाचा बाप्तिस्मा असेल तर तो देतात आणि पुढच्या गावाला निघतात. बाकीच्या रविवारी संदेश कोण देते? दवाखान्यात पडलेल्या माणसाच्या उशाशी बसून प्रार्थना कोण करते? मयताच्या घरी रात्री अकराला कोण धावते? शाळेतल्या बाई, निवृत्त कंडक्टर, मिशनच्या दवाखान्यातली नर्स, साखर कारखान्यातला फिटर. मी याच लोकांतली. राहुरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, रविवारच्या शाळेत मंडळीतली मुले शिकवली आणि निवृत्तीनंतर एका सेमिनरीचा सर्टिफिकेट कोर्स पूर्ण केला. त्यावरून माझी एकच मागणी आहे. सेमिनरींनी आपल्याकडचा हा सगळ्यांत लहान कोर्स सगळ्यांत महत्त्वाचा मानावा, तो मराठीत शिकवावा आणि तालुक्याच्या गावी येऊन शिकवावा.

ख्रिस्ती समाजाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगते. सेमिनरी म्हणजे पाळक आणि धर्मगुरू घडवणारे विद्यालय. महाराष्ट्रात याचे मोठे केंद्र पुणे. कॅथलिकांची पेपल सेमिनरी १८९३ मध्ये श्रीलंकेत कँडीला सुरू झाली आणि १९५५ मध्ये पुण्याला आली. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली यवतमाळला निघाली आणि १९८३ मध्ये पुण्यात बिबवेवाडीला गेली. देशातल्या अनेक प्रॉटेस्टंट सेमिनरी बंगालमधल्या सेरामपूरच्या सिनेटला जोडलेल्या असून त्यांच्या पदव्या तिथून मिळतात. बी.डी. ही पाळकाची मुख्य पदवी. ती चार-पाच वर्षांची, वसतिगृहात राहून करायची आणि बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून. तिच्यावर पदव्युत्तर अभ्यास आणि डॉक्टरेट. सर्वांत खालच्या पायरीवर सर्टिफिकेट आणि डिप्लोमा. ज्यांना पाळक व्हायचे नाही, पण शास्त्र नीट शिकायचे आहे, त्यांच्यासाठी हे कोर्स असतात. कुठे वर्षभराचा वर्ग असतो, कुठे शनिवार-रविवारचा, कुठे घरी अभ्यास करून परीक्षेला बसायचे. जुना करार, नवा करार, चर्चचा इतिहास, विश्वासाची मूलतत्त्वे, संदेशाची तयारी, थोडे समुपदेशन, असे विषय असतात.

पदवीच्या वर्गांना प्राध्यापक, ग्रंथालय, वसतिगृह सगळे मिळते आणि सर्टिफिकेटवाल्यांना उरलेसुरले मिळते. मी ज्या वर्गाला जात असे तिथे शनिवारी दुपारी दोनला शिकवणे सुरू व्हायचे. नेमलेले सर कधी परिषदेला, कधी परगावी. मग वरच्या वर्गातल्या एखाद्या विद्यार्थ्याला पाठवले जाई. तो बिचारा जीव तोडून शिकवायचा, पण त्याचीच परीक्षा तोंडावर असायची. नोट्स इंग्रजीत. आमच्यात एक एस.टी.च्या डेपोत काम करणारे मेकॅनिक होते. हातात शास्त्र दिले की कोणता संदर्भ कुठे आहे ते पान न उलटता सांगायचे. नोट्सचा गठ्ठा हातात आल्यावर ते गप्प होत. मी त्यांना मधल्या सुट्टीत मराठीतून समजावून सांगायची. दिवाळीनंतर ते यायचे थांबले. वर्गाच्या हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे रेघ मारली गेली, कोणी फोन करून विचारले नाही. तो माणूस आजही आपल्या गावच्या मंडळीत दर रविवारी संदेश देतो. त्याला शिकवण्याची जी संधी सेमिनरीच्या दारात आली होती ती सेमिनरीने घालवली. याचा मला आजही राग येतो.

मराठी ख्रिस्ती माणसाने मराठीत शास्त्र शिकावे, यात नवे असे काही नाही. आपल्याकडे या विद्येचा पायाच मराठीत घातला गेला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापले गेले. ते ओवीत आहे, कारण नवख्रिस्ती कुटुंबांना पुराण ऐकायची सवय होती आणि त्यांना त्यांच्या बोलीत, त्यांच्या छंदात शिकवायचे होते. सेरामपूरचे कॉलेज १८१८ मध्ये निघाले. ते काढणाऱ्यांपैकी विल्यम कॅरी यांनी त्याआधीच, १८०५ मध्ये, मराठीचे व्याकरण छापले होते आणि १८१० मध्ये मराठीचा कोश. आज ज्या सेरामपूरच्या नावाने आपल्या सेमिनरी इंग्रजीतून पदव्या देतात, त्या सेरामपूरने दोनशे वर्षांपूर्वी मराठीसाठी हे कष्ट घेतले होते.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी तर याहून पुढचे पाऊल टाकले. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळ्या बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईलाही ते वाचता यावे, ही त्यांची इच्छा. १९२२ मध्ये त्या गेल्या, १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झाले. ते छापले मुक्तीच्याच छापखान्यात, आणि त्या छापखान्यात काम करणाऱ्या स्त्रिया होत्या. ज्यांना घरांनी टाकले, दुष्काळाने उघड्यावर आणले, त्या बायकांच्या हातून हे पुस्तक बाहेर पडले. सामान्य बाईला शास्त्र झेपेल का, असा प्रश्न आज सेमिनरीच्या बैठकीत कोणी काढला तर त्यांनी एकदा केडगावला जाऊन यावे.

आणि नगर तर आमचेच. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघाला तो नगरहून. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पुढे नगरच्या थिऑलॉजिकल सेमिनरीत शिकवू लागले. त्यांच्या शिकवण्यात तुकाराम आणि ज्ञानेश्वर यांना मानाचे स्थान होते. लक्ष्मीबाई टिळकांनी कुठल्या सेमिनरीचे प्रमाणपत्र घेतले नव्हते. टिळकांनी घरीच त्यांना लिहा-वाचायला शिकवले. पण जातिभेद देवाने केलेला नाही, हे त्यांना कसे उमगले ते ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी सांगितले आहे, आणि इतके स्वच्छ धर्मचिंतन मराठीत मी फार थोड्या ठिकाणी वाचले आहे. बाईमाणसाच्या हाती शास्त्र आणि तिची भाषा, दोन्ही आले की काय होते ते तिथे दिसते.

माझी आत्या बायबलबाई होती. तरुण वाचकांना हा शब्द माहीत नसेल. मिशनच्या काळात बायकांना थोड्या महिन्यांचे शिक्षण देऊन गावोगाव पाठवत. त्या घराघरांत जाऊन गोष्टी सांगत, लिहायला शिकवत, बाळंतिणीची चौकशी करत. आत्याकडे रंगीत चित्रांच्या पुठ्ठ्यांची पिशवी असायची, ‘उपासना संगीत’ची कडा झिजलेली प्रत आणि एक बोरूने लिहिलेली वही. त्या वहीत तिने वर्गात शिकलेले सगळे उतरवून घेतले होते: प्रत्येक दृष्टान्तासमोर तो कोणाला उद्देशून सांगितला, ऐकणारे कोण होते, त्या दिवसांत मजुरी काय होती. तिचा कोर्स म्हणजे आजच्या भाषेत सर्टिफिकेटच. ते शिकवणाऱ्या मडमांनी आणि मराठी शिक्षकांनी तिला कमी लेखले नाही, म्हणून ती वही इतकी भरलेली आहे. ती आता माझ्याकडे आहे आणि मी वर्गाला जाताना ती नेते.

हो, वर्ग. कोर्स झाल्यावर मी आमच्या चर्चच्या बाजूच्या खोलीत गुरुवारी संध्याकाळी एक अभ्यासवर्ग सुरू केला. येणाऱ्यांत बहुतेक बायका. दिवसभर खुरपणी किंवा कांदाकाटणी करून, भाकरी टाकून येतात. एकदा मत्तयाच्या शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याच्या धन्याचा दृष्टान्त घेतला होता. धनी पहाटे मजूर लावतो, नऊला लावतो, बाराला लावतो, तीनला लावतो आणि दिवस मावळायला तासभर असताना आणखी काहींना लावतो. संध्याकाळी सगळ्यांना सारखाच रोज देतो. आधी आलेले कुरकुरतात. या गोष्टीवर मी आयुष्यभर संदेश ऐकले आहेत. देवाची कृपा, उशिरा आलेल्यालाही तारण, असा अर्थ सांगतात आणि तो बरोबरच आहे.

त्या दिवशी एक बाई म्हणाली, “बाई, पण ते पाच वाजेपर्यंत बाजारात का उभे होते ते विचारा ना.” मी म्हटले, तूच सांग. ती म्हणाली, “आमच्याकडं मुकादम येतो तेव्हा आधी तरणे गडी उचलतो. मग धडधाकट बाया. म्हातारं, पोटुशी, लंगडं, ते मागं राहतं. ते आळशी नसतंय. त्यांना कोणी बोलावलेलं नसतंय. आणि भूक तर त्यांनाही तेवढीच लागती.” मग उचल, हजेरी, कोयता यांवर बोलणे निघाले. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, बाई एकटी असली तर तिला कोणी घेत नाही. दृष्टान्तातही त्या शेवटच्या लोकांचे उत्तर तेच आहे: आम्हाला कोणी कामावर लावले नाही. मी ते वाक्य शेकडो वेळा वाचले असेल. त्या संध्याकाळी ते त्या खोलीत सगळ्यांनी ऐकले. धनी न्यायी कसा, हे मग मला समजावून सांगावे लागले नाही.

हे ज्ञान सेमिनरीला हवे आहे की नको? बी.डी.च्या मुलाने हिब्रू शिकावे, ग्रीक शिकावे, जर्मन पंडितांची मते वाचावीत, मला त्याचा आदरच आहे. पण तो आमच्या गुरुवारच्या वर्गात बसला तर त्याचे शिक्षण पुरे होईल. तालुक्याच्या गावी चालणारा सर्टिफिकेटचा वर्ग दोघांच्याही फायद्याचा आहे, येणाऱ्या बाईच्या आणि शिकवायला आलेल्या प्राध्यापकाच्या.

याहून तातडीचे कारण मोबाइल. पूर्वी गावात चुकीचे शिकवायलाही कोणीतरी यावे लागे. आता चोवीस तास प्रवचने हातात आहेत. त्यांतली चांगलीही असतात, पण पैसे पाठवा म्हणजे देव दसपट देईल, गोळ्या सोडा म्हणजे विश्वास दिसेल, असे सांगणारे कमी नाहीत. आमच्याच मंडळीतल्या एका बहिणीने असे प्रवचन ऐकून शुगरची गोळी बंद केली. पायाला जखम झाली, ती चिघळली, बोट काढावे लागले. तिला कोणी रागावून सांगितले असते तर तिने ऐकले नसते, कारण समोरच्याच्या तोंडी शास्त्रवचने होती. आम्ही वर्गात हिज्कीया राजाची गोष्ट काढली. राजा मरणाला टेकला, देवाने त्याची प्रार्थना ऐकली, आयुष्य वाढवले. आणि त्याच गोष्टीत यशया संदेष्टा गळवावर अंजिराचे पोटीस बांधायला सांगतो. प्रार्थना आणि औषध एकाच अध्यायात आहेत. लूक वैद्य होता, हे पौल लिहितो. तिने स्वतः बोट ठेवून ते वाचले आणि मग म्हणाली, “हे त्यांनी का नाही सांगितलं?” आता ती गोळी घेते. एक वचन उचलून दाखवणाऱ्यापुढे अख्खा अध्याय वाचणारे माणूस गावात असले पाहिजे. सर्टिफिकेट कोर्सने मला दिले ते हेच: पुढचे-मागचे वाचायचे, कोणी कोणाला आणि कशासाठी लिहिले ते विचारायचे.

सेमिनरीतले काही ज्येष्ठ म्हणतात, अर्धवट ज्ञान धोक्याचे. मान्य. पण अर्धवट ज्ञान आजही दर रविवारी बोलतेच आहे. ते पुरे कसे करायचे, एवढाच प्रश्न आहे. आणि यावर जगात कोणी विचार केलेला नाही असेही नाही. १९६३ मध्ये ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीने पाहिले की राजधानीत शिकलेली मुले खेड्यातल्या मंडळ्यांत परतत नाहीत, आणि ज्यांच्या जिवावर त्या मंडळ्या चालतात ते शेतकरी-मजूर घरदार सोडून वसतिगृहात येऊ शकत नाहीत. राल्फ विंटर, जेम्स एमरी, रॉस किन्स्लर या तिथल्या शिक्षकांनी उलटा मार्ग धरला. विद्यार्थ्यांनी घरी पाठ वाचायचे आणि शिक्षकाने आठवड्यातून एकदा त्यांच्या भागात जाऊन वर्ग घ्यायचा. ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली. भारतातही तिच्यासाठी १९७१ मध्ये बंगळुरूला ‘टॅफ्टी’ ही संस्था निघाली. इतकी वर्षे झाली, तरी आमच्या भागात शिक्षक तालुक्याला येण्याची वाट पाहावी लागते.

आपल्या मातीतलेही उदाहरण आहे आणि ते मी ख्रिस्ती बांधवांना मुद्दाम सांगते. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था जोग महाराजांनी १९१७ मध्ये स्थापन केली. चार वर्षांचा अभ्यास, सगळा मराठीतून. ज्ञानेश्वरी, गाथा, कीर्तन, पखवाज. तिथून निघालेला कीर्तनकार गावात जाऊन उभा राहतो तेव्हा लोकांची भाषा त्याला वेगळी शिकावी लागत नाही. त्याच १९१७ मध्ये नारायण वामन टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ मांडला होता. नगरकडच्या ख्रिस्ती लोकांनी तर एकोणिसाव्या शतकातच कीर्तनाचा उपयोग केला. ही वाट आपणच पाडलेली आहे, ती पुन्हा चालायची आहे.

कोर्स लहान असला तरी पातळ नको. सध्या तीन दिवसांच्या शिबिराला डिप्लोमा आणि पैसे भरले की नावापुढे डॉक्टर लावून देणारी दुकाने निघाली आहेत. माझी सर्वांना विनंती आहे की कोणत्याही कोर्सला पैसे भरण्याआधी विचारा: ही संस्था सेरामपूरच्या सिनेटला किंवा आशिया थिऑलॉजिकल असोसिएशनला जोडलेली आहे का, शिकवणार कोण, परीक्षा कशी होते. आणि हेही समजून घ्या की सर्टिफिकेटने कोणी पाळक होत नाही, त्यावर सरकारी नोकरी मिळत नाही. ते शिकण्यासाठी आणि सेवेसाठी आहे. उलट सेमिनरींनीही या वर्गाला हजेरी, लेखी परीक्षा आणि पाठपुरावा सक्तीचा करावा. माणूस सोपे मागत नाही, आपल्या भाषेत मागतो.

फीचा प्रश्नही आहे. आमच्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांत भूमिहीन मजुरांची संख्या मोठी आहे आणि अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना १९५० च्या आदेशामुळे अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत. अशा घरातल्या बाईला दोन हजारही जड. मंडळ्यांनी कापणीच्या सणाच्या अर्पणातून दरवर्षी एका विद्यार्थिनीची फी भरली तरी पुष्कळ होईल.

मग कोर्स पूर्ण करून आलेल्या माणसाला काम द्या. इथे दोष सेमिनरीचा नाही, मंडळ्यांचा आहे. माझ्याबरोबर शिकलेल्या एका नर्सने उत्तम गुण मिळवले. परत गेल्यावर तिच्याकडे पूर्वीसारखेच फुलांची सजावट आणि चहापाणी आले. संदेश देणारे वडीलजन सगळे पुरुष, त्यांतल्या एकानेही कधी वर्ग केलेला नाही. ती तक्रार करत नाही, पण तिच्या तोंडून मंडळीला जे ऐकायला मिळाले असते ते मिळत नाही. प्रमाणपत्र मिळालेल्या प्रत्येकाला, मग ती बाई असो की बाप्या, महिन्यातून एक रविवार संदेशासाठी द्यावा, असा ठराव पास्टरेट कमिटीला एका बैठकीत करता येईल. त्याला खर्चही नाही.

नवे शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होईल. सेमिनरींच्या प्राचार्यांना आणि कार्यकारिणीला माझी हात जोडून विनंती आहे: या वर्षी निदान एक मराठी सर्टिफिकेट वर्ग श्रीरामपूर, राहुरी किंवा जालन्यात सुरू करा, आणि त्यावर तुमचे सगळ्यांत चांगले शिक्षक पाठवा. खोली आम्ही देऊ, चटया आम्ही टाकू, विद्यार्थी आम्ही गोळा करू. सरांच्या जेवणाची आणि मुक्कामाची सोय मंडळीतल्या घरांत होईल. फक्त शिकवायला या.